फ्रिजवरचा पेनड्राइव्ह

टिंग!

भर दुपारी, सासूबाईंचं घोरणंसुद्धा थांबलं होतं अशा शांततेत, फरशीवर एक स्क्रू पडला आणि घरंगळत टीव्हीच्या टेबलाखाली गेला. तेजस्विनीने श्वास रोखला.

आतून नवसाबाईंचा आवाज आला. "तेजूऽ, काय पडलं गं?"

"काही नाही आई, कानातलं पडलं!"

"मम्मी," शेजारी मांडी घालून बसलेला समर्थ कुजबुजला, "कानातलं नाही पडलं. गेमचा स्क्रू पडला."

समर्थ दुसरीत होता. नेहमी खरं बोलावं, हे त्याला शाळेत नुकतंच शिकवलं होतं आणि ते अजून अगदी गरमागरम होतं.

रोहितमामाने भाच्याला दिलेला गेमचा कन्सोल लग्नातल्या पंगतीत आडव्या झालेल्या पाहुण्यासारखा गच्च भरला होता. नवीन गेम टाकायला गेलं की एकच उत्तर, जागा नाही! म्हणून समर्थच्या पप्पांनी, रविराजने, मोठी हार्ड डिस्क आणली आणि "रविवारी बसवू" म्हणून कपाटात ठेवली. त्यानंतर रविवार आले, मटण खाऊन झोपले आणि गेले. डिस्क कपाटातच! आणि वर ड्यूटीवर जाता जाता बायकोला सूचना, "तू हात लावू नकोस हं. नाजूक काम असतं ते."

नाजूक! अहो, लग्नाआधी तेजस्विनी सातपूरच्या कंपनीत सर्किट बोर्डाचं सोल्डरिंग करायची. भिंगाखाली, तांदळाच्या कणीएवढे पार्ट! समर्थ झाला, नोकरी सुटली, पण हात काही कंपनीत जमा करून आली नव्हती. पोळ्या लाटणारे हात नाजूक कामाला चालत नाहीत की काय?

"बघच तू," ती समर्थला म्हणाली, "पप्पा ड्यूटीवरून यायच्या आत तू खेळत असशील!"

जुनी डिस्क निघाली, नवी बसली, झाकण लागलं, बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. स्टोरेज सापडत नाही.

तेजस्विनीचे डोळे बारीक झाले. पहिला संशय दुकानदारावर. रविराजचा चेहराच असा, की दुकानदाराला माल बदलायचा मोह व्हावा! दुसरा संशय खुद्द रविराजवर. बायको हात लावणार हे ओळखून मुद्दाम खोटी डिस्क कपाटात ठेवली असेल का? तिसरा संशय ती घेणारच होती, तेवढ्यात समर्थ म्हणाला, "तू नीट दाबली नाहीस."

तिने झाकण काढून डिस्क दाबली. खट्! बसली एकदाची. मग पडद्याने दुसरी मागणी केली. सिस्टिमची फाइल टाकलेला पेनड्राइव्ह जोडा.

तिने पदराआडून बोलावं तसं दबक्या आवाजात पुण्याला रोहितला फोन लावला.

"ताई, नवी डिस्क कोरी असते. लॅपटॉपवर फाइल उतरवून घे. आधी पेनड्राइव्ह फॉरमॅट कर. मग फोल्डर कर, नाव कॅपिटलमध्ये. आणि तू कुजबुजतेयस का? घरात चोर शिरलाय?"

"सासूबाई झोपल्यात."

"मग हळू बोल."

पेनड्राइव्ह कुठून आणायचा? फ्रिजवर एक वाटी असते. तुमच्याही फ्रिजवर असेल. सेफ्टी पिना, संपलेले सेल, कुलूप हरवलेली किल्ली, असं सगळं त्यात गुण्यागोविंदाने नांदत असतं. त्या वाटीत एक काळा पेनड्राइव्ह होता. तिने लॅपटॉपला लावून पाहिला. आत नुसती आकड्यांची नावं असलेल्या फाइल्स. रविराजच्या कंपनीचं जुनं काहीतरी असणार! लॅपटॉपने विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल? तेजस्विनीने विमा एजंटपुढे मान डोलवावी तशा बेफिकिरीने 'हो' दाबलं.

आधी फोल्डरचं नाव स्मॉल अक्षरांत पडलं, कन्सोल रुसला. मग कॅपिटलमध्ये लिहिलं, आणि पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. शेवटी निळा दिवा लागला! समर्थने तिच्या गळ्यात उडी मारली आणि पोळीच्या पिठाचा वास येणाऱ्या तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला, "मम्मी, तू पप्पांपेक्षा भारी आहेस." तेजस्विनीला सातपूरच्या सगळ्या कंपन्यांनी एकदम परत बोलावल्यासारखं वाटलं. पेनड्राइव्ह तिने गुपचूप वाटीत टाकला आणि चहा ठेवायला गेली.

पाच वाजता भजनी मंडळाच्या बायका येऊ लागल्या. रविवारी कॉलनीच्या मंदिरात स्पर्धा होती. नवसाबाईंचं मंडळ गेल्या वर्षी शेवटून पहिलं आलं होतं आणि तो डाग धुवायचा होता. म्हणून पेटीवाल्या भिमाजी बुवांकडून नव्या चाली गाऊन, रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. बुवा नंतर मालेगावला मुलाकडे गेले आणि तिथे त्यांना कवळी बसली. आता अभंगाच्या प्रत्येक ओळीला शिट्टी वाजते! म्हणजे जे काही होतं ते जुन्या दातांनिशी गायलेलं, तेवढंच.

"थांबा, बुवांची गाणी लावते," असं म्हणत नवसाबाईंनी फ्रिजवरच्या वाटीत हात घातला.

स्वयंपाकघराच्या दारात तेजस्विनी चहाच्या ट्रेसकट थिजली. काळा पेनड्राइव्ह! तो तर भजनाच्या स्पीकरमध्ये असायचा, वाटीत कसा आला?

नवसाबाईंनी तो स्पीकरला लावला. दिवा लुकलुकला. स्पीकरमधली बाई इंग्रजीत काहीतरी गोड बोलली आणि गप्प झाली.

"सेल संपले असतील," मंडळातल्या कुसाबाई म्हणाल्या.

"चार्जिंगचा हाय तो! सेल कशाचे?" नवसाबाईंनी स्पीकरला दोन थापट्या मारल्या, उलटा केला, कानाला लावला. मग त्यांचेही डोळे बारीक झाले. या घरात डोळे बारीक करण्याची पद्धत सासूकडून सुनेकडे आली होती. "काल हा स्पीकर कोणी नेला होता?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"लताबाईनं!" नवसाबाईंनीच उत्तर दिलं. "समोरच्या दारात राहते अन् अजून आली नाय! अन् परत दिला तेव्हा पेनड्राइव्ह येगळा काढून हातात ठेवला. मी तवाच म्हटलं, येगळा का काढला? मीच येडी, वाटीत टाकून दिला!"

"आजी," समर्थने तोंड उघडलं, "तो पेनड्राइव्ह ना..."

तेजस्विनीने त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं.

"मम्मी, पण..."

दुसरं बिस्किट!

"पोराला किती खायला घालशील?" नवसाबाई म्हणाल्या. "जा, लताबाईला बोलाव. आज सोक्षमोक्षच लावते. तीस वर्षं एका ताटात जेवलो अन् माझ्या गाण्यांवर डोळा? आजपासून तिचं अन् माझं बोलणं बंद!"

तेजस्विनीने समोरच्या दाराची कडी वाजवली आणि परत येऊन पुन्हा ट्रे उचलला. नवसाबाई कळवणहून नवऱ्यामागे या शहरात आल्या तेव्हा त्यांना गॅस पेटवायला शिकवणारी, बाळंतपणात डबे आणणारी लताबाईच होती. एका गेमपायी ही मैत्री तुटायची? सांगून टाकावं! पण ऐकायला बसलेल्या इतक्या बायका! आणि वर रविराजचं 'मी म्हटलं होतं ना!' जन्मभर!

लताकाकू आल्या त्याच घाम पुसत. स्पीकरभोवती गोळा झालेल्या बायका पाहून उंबऱ्यातच थबकल्या.

"ये," नवसाबाई फौजदारासारख्या म्हणाल्या. "माझी गाणी कुठं हायेत?"

लताकाकूंचा चेहरा पांढराफटक! तेजस्विनीला राहवेना. ट्रे ठेवून ती पुढे झाली.

"आई, मला एक सांगायचंय. त्याचं असं झालं..."

"नको गं, तेजू," लताकाकूंनी तिचा हात धरला, "तू कशाला माझ्यावर पांघरूण घालतेस? मीच सांगते. नवसाताई, चुकले मी! मोबाइलवाल्या राकेशकडून मी ती गाणी कॉपी करून घेतली."

समर्थचं बिस्किट चावणं तेवढं ऐकू येत होतं.

"का?" नवसाबाईंनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता ना, 'लताबाई, तुझा सूर भाजीबाजारात गेला.' दुपारी दार लावून एकटी म्हणत बसते. म्हटलं, रविवारी तरी तुमच्या शेजारी नीट गावं."

नवसाबाईंनी पदर सारखा केला, उगाचच. आणि तेजस्विनी? आनंदाने जवळजवळ ओरडलीच, "काकू! म्हणजे गाणी तुमच्याकडे आहेत?"

"आहेत की, सगळी."

"मंजे बघा!" नवसाबाईंनी मांडीवर थाप मारली. "हिनं तिकडं घेतली, म्हणून इकडची संपली! हंड्यातलं पाणी कळशीत ओतलं तर हंडा रिकामाच व्हणार!"

"अगंबाई!" लताकाकू हादरल्या. "राकेश तर म्हणाला, काही होत नाही."

"त्याला काय कळतंय! आपल्या घरात शिकलेलं माणूस हाय. काय गं तेजू, कॉपी केली की इकडची संपतात का?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, फर्स्ट क्लास! तेजस्विनीने छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"म्हणजे... तसं... कधी कधी होतं हं असं."

त्या क्षणी सातपूरच्या सगळ्या कंपन्यांनी तिला पुन्हा काढून टाकलं असावं.

लताकाकूंनी सर्वांसमक्ष दोन्ही कान धरले. "सॉरी, नवसाताई. पुन्हा नाही करणार." डोळ्यांत पाणी! धावत जाऊन त्यांनी आपला पेनड्राइव्ह आणला. बुवांचा आवाज, कवळीपूर्वीचा, खणखणीत घुमला. नवसाबाईंनी मोठ्या मनाने माफी दिली, लताकाकूंना आपल्या शेजारी बसवलं आणि पहिल्याच ओळीला म्हणाल्या, "आज सूर बरा लागलाय गं तुझा!" तेजस्विनीने काकूंना चहा दिला, वर न मागता चिवडा दिला, त्याच्यावर शेव घातली आणि आणखी काय देता येईल ते शोधायला स्वयंपाकघरात पळाली.

समर्थ मागोमाग आला. कन्सोल सोडून आला होता, म्हणजे काहीतरी फारच अवघड अडलं होतं. तो ओट्याला टेकून उभा राहिला, बाहेरचं गाणं ऐकत, कपाळाला आठ्या घालून.

"मम्मी, लताआजीने गाणी घेतली होती म्हणूनच ती परत मिळाली ना?"

"हो रे राजा."

"मग सॉरी तिने का म्हटलं?"