लटारूभाऊ आणि तोंडाची गोलाई

लटारूभाऊ माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य असं होतं : "बाई, तुमच्या गळ्यातली साखळी तुमची नाई."

मी आलापल्लीत नुकतंच पाऊल टाकलं होतं. आमच्या यजमानांची जंगल खात्याच्या डेपोत कारकून म्हणून बदली झाली होती. वर्ध्याहून मोटारी बदलत, शेवटी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आम्ही क्वार्टरपाशी उतरलो होतो. अंगभर धूळ, डोक्यात कळ, आणि हा उंच, वाळका माणूस माझ्याच ट्रंकेवर बसून मला चोर ठरवत होता. ही चांदीची साखळी माझ्या आईनं दिलेली आहे, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, एक डोळा मिटला आणि मला समजावून सांगितलं, की आईनं दिली असेल, पण आईनं ती स्वतःच्या तोंडाकडे पाहून घेतली असणार. तुमचं तोंड लांब, त्यात साखळी लांब, म्हणजे माणूस पार जमिनीपर्यंत ओघळल्यासारखा दिसतो. "आखूड घ्या. गळ्याशी. मंग पाहा." एवढं बोलून त्यांनी ती ट्रंक खांद्यावर घेतली आणि आत नेऊन ठेवली. रागवावं की पाणी विचारावं, हे मला काही केल्या ठरवता येईना.

लटारूभाऊ डेपोत लाकडं मोजायचे. जंगलातून सागवान यायचं, त्याची लांबी आणि गोलाई फितीनं मोजायची, कारकुनाला ओरडून सांगायची आणि लाकडावर हातोड्याचा छाप मारायचा, हे त्यांचं काम. त्यानंतर लिलाव व्हायचा, व्यापारी बोली लावायचे. "आधी गोलाई, मंग बोली," हे त्यांचं पालुपद होतं आणि ते लाकडापुरतं अजिबात नव्हतं. माणूस समोर आला की त्याच्या नावगावाआधी त्याच्या तोंडाची गोलाई त्यांच्या मनात नोंदली जायची. डेपोतून घरी आले तरी ती मोजणारी नजर काही खुंटीवर टांगून ठेवता येत नव्हती.

तोंडांचे त्यांनी प्रकार पाडले होते. बेलफळ म्हणजे गोल. पान म्हणजे कपाळ रुंद आणि हनुवटी टोकाची. चौकट म्हणजे जबडा रुंद. आणि लांब तोंडं ती पडवळ. माझी वर्णी पडवळात लागली होती, हे मला शेजारणींकडून कळलं. बेलफळाला साखळी लांब हवी, छातीवर रुळणारी. पानाला गळ्याशी बिलगणारा जाड गोफ. चौकटीला बारीक साखळी आणि तिला गोल पदक. यात फिरवाफिरव चालत नसे. सोन्याविषयी त्यांना काहीच म्हणायचं नसायचं. सोनं घालणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही, म्हणून तिथे काहीही चालतं, असं त्यांचं मत. चांदीचं मात्र तसं नाही, चांदी तोंड दाखवते.

रविवारच्या बाजारात चिंचेखाली अहेरीचा किसन सोनार चांदीचे डाग-दागिने मांडून बसायचा. लटारूभाऊ त्याच्या शेजारी आपलं घोंगडं टाकायचे. सुरुवातीला किसन वैतागला होता, कारण त्यानं पटवत आणलेलं गिऱ्हाईक हे एका शब्दात उठवायचे. पण हळूहळू बायकाच "लटारूभाऊ आले का?" असं विचारून मगच बसायला लागल्या, तेव्हा त्यानं मुकाट्यानं जागा करून दिली. एक माडिया म्हातारी तेवढी त्यांना बधली नाही. तिच्या गळ्यात इतक्या माळा आणि सऱ्या होत्या की गळा दिसत नव्हता, आणि ती आणखी एक घ्यायला आली होती. लटारूभाऊंनी तिला मोडक्यातोडक्या गोंडीत काहीतरी सुचवलं. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, दोन शब्द बोलली आणि नवी सरी घालून हसत निघून गेली. ती काय म्हणाली ते त्यांनीच मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. गळा माझा, मग तू कोण, असं म्हणाली होती.

खरी पंचाईत व्हायची ती लग्नाच्या खरेदीत. आमच्याकडे तेव्हा नवरीचे डाग नवरदेवाकडची माणसं घ्यायची, आणि नवरी काही बाजारात यायची नाही. तोंडच समोर नाही तर साखळी ठरवायची कशी? लटारूभाऊंनी त्यावर तोड काढली होती. नवरीच्या बापाला नाहीतर भावाला घेऊन या, असं ते सांगायचे. लेक बापाच्या वळणावर जाते, त्यामुळे साखळी बापाच्या गळ्यात घालून पाहिली की काम झालं. भर बाजारात मिशाळ, पागोटेवाले बाप गळ्यात चांदीची साखळी घालून खांबासारखे उभे राहायचे, आणि लटारूभाऊ त्यांना हनुवटी वर घ्या, जरा लाजा, असं सांगायचे. एक पाटील लाजेना, तर म्हणाले, "लाजा ना जी पाटील, लग्न का रोज रोज होते?" तो धिप्पाड माणूस खरोखरच लाजला. मी भाजीची पिशवी खाली ठेवून हसले होते.

ही पद्धत एकदा चांगलीच अंगाशी आली. त्याच पाटलाचं तोंड चौकट, म्हणून लेकीला बारीक साखळी आणि गोल पदक ठरलं. लग्नात अंतरपाट सरकला आणि लटारूभाऊ माझ्या शेजारी मटकन खाली बसले. पोरगी आईच्या वळणावर गेली होती. चक्क पान. सगळं वऱ्हाड जेवत होतं आणि या माणसाला घास जाईना. शेवटी पंगतीतून किसन सोनाराला उठवून त्यांनी मांडवामागं नेलं, नवरीकडून साखळी मागून आणली, चिमट्यानं कड्या काढून ती गळ्यालगत करून घेतली, पदकाला रजा दिली, आणि मग दोन पानं जेवले. चूक तुमचीच ना, असं मी चिडवलं. तर म्हणाले, चूक पाटलाची, लेकीकडे लक्ष द्यायला नको होतं का त्यानं?

मी मात्र त्यांचं ऐकलं नाही. आईची लांब साखळीच घालत राहिले, आणि लोक मला छान दिसते म्हणत. हे मी त्यांना आवर्जून सांगायची. ते खिन्नपणे मान हलवायचे आणि आलापल्लीतल्या लोकांच्या दृष्टीबद्दल काळजी व्यक्त करायचे.

आता लटारूभाऊंच्या बायकोविषयी सांगायला हवं. जनाबाई आमच्या भिंतीपलीकडे राहायच्या. ठेंगणी, हसरी, कामाला वाघ. साऱ्या डेपोच्या बायकांच्या गळ्यात लटारूभाऊंनी निवडलेली चांदी, आणि जनाबाईंच्या गळ्यात काळ्या पोतीशिवाय काही नाही. दिव्याखाली अंधार, म्हणून बायका नाकं मुरडायच्या. लटारूभाऊ कधी आणायला जायचे नाहीत, असंही नव्हतं. दर दिवाळीला जनाबाईंसाठी साखळी आणतो म्हणून निघायचे आणि दुसरंच काही घेऊन यायचे. एकदा पितळेची परात आणली, एकदा लुगडं, एकदा तर दुभती शेळी. ओढत ओढत शेळी आणणारा तो चेहरा पाहून आम्ही सगळ्यांनी पोटं धरली होती. जनाबाईही हसल्या होत्या.

पुढं त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. सावली गावाकडचं स्थळ, घरी धानाची शेती, माणसं मानाची. एका दुपारी मी आणि जनाबाई पडवीत बसून लग्नाचे तांदूळ निवडत होतो. या वेळी तरी साखळी येणार ना, असं मी सहज विचारलं. त्यांचा सुपातला हात थांबला.

"नाई येत, बाई. यायले सारं समजते. माह्या तोंडाले काईच शोभत नसन, म्हणून आणत नाईत. तोंडावर सांगवत नाई, म्हणून शेळी आणतात."

त्या हसल्या आणि मग हसू तसंच अर्धवट राहिलं. साऱ्या मुलखाला तोंडावर बोलणारा माणूस आपल्यापाशी गप्प राहतो, म्हणजे सांगण्यासारखं काही नसणारच, असा हिशेब त्यांनी संसारभर मनाशी धरला होता. विहीणबाईंसमोर उघड्या गळ्यानं उभी राहीन, म्हणाल्या, पण मागणार नाही. मागितलं तर खरं उत्तर ऐकावं लागेल. मला फार वाईट वाटलं, आणि लटारूभाऊंचा असा संताप आला की त्या रविवारी मी त्यांच्या पाठोपाठ बाजारात गेले.

जनाबाईंसाठी साखळी बघायची आहे, असं मीच किसनला सांगितलं. त्यानं उत्साहानं सगळे डाग मांडले. लटारूभाऊंनी लांब साखळी उचलली, ठेवली. गोफ उचलला, ठेवला. पदक हातात फिरवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तोंड कसं आहे वहिनीचं, बेलफळ की पान, असं किसननं विचारलं, आणि लटारूभाऊ माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी तं तिले रोज पाह्यता. जनीचं तोंड कसं हाय?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. परीक्षेत नेमका आपल्या गावाचा नकाशा यावा आणि हात चालू नये, तसा तो माणूस बसला होता.

"दरसाल ठरवतो, का आज घरी जाऊन नीट पाह्यचं," ते खाली बघत म्हणाले. "जातो. ती चुलीपाशी बसली रायते. वर पाह्यते, काऊन आले जी इतक्या लवकर म्हणते, अन् हासते. मंग का ध्यानात रायते मले, कपाळ रुंद होतं का हनुवटी? लाकूड मोजता येते बाई, लाकूड बोलत नाई."

माझा संताप कुठल्या कुठं गेला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं टिपलं आणि आवाज चढवून म्हटलं की हे मला सांगून काय उपयोग, घरी चला. किसननं तीन-चार साखळ्या फडक्यात बांधून दिल्या, घरी दाखवून आणा म्हणाला.

जनाबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. मी पुरचुंडी त्यांच्यापुढे सोडली. त्यांनी एकदा साखळ्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मान फिरवून म्हणाल्या, "मले नको. सांगून टाका का हाय ते एकदाचं."

लटारूभाऊंनी घसा खाकरला. शेवटी म्हणाले, "जने, तुह्यं तोंड मले मोजताच येत नाई."

"इतकं वंगाळ हाय?"

"नाई वं. मोजाले बसतो अन् पाह्यतच रायतो."

जनाबाईंच्या हातातली राख तशीच राहिली. माझ्यासमोर असलं काही ऐकून त्यांचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांत हे सांगायला काय तोंडाला कुलूप होतं, असं त्या पुटपुटल्या, शेळीचाही उद्धार झाला, आणि मग हात धुऊन त्यांनी स्वतःच एक डाग उचलला. सगळ्यांत जाड, गळ्याला अगदी घट्ट बसणारा गोफ. आता जनाबाईंचं तोंड म्हणजे निव्वळ बेलफळ. लटारूभाऊंच्या शास्त्रात त्या तोंडाला तो गोफ म्हणजे महापाप. गोफ घालून त्या नवऱ्याकडे वळल्या. लटारूभाऊंची मान कलती झाली नाही, डोळा मिटला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "टोचत तं नाई ना?"

लग्न झोकात झालं. सावलीचं वऱ्हाड लाकडाच्या रिकाम्या ट्रकमधून गात-वाजवत आलं. जनाबाई गळ्यात गोफ मिरवत मांडवभर फिरत होत्या, लाडू वाढणं हे जणू गळा दाखवायचं निमित्तच होतं. विहीणबाई मात्र फटकळ. त्यांनी लटारूभाऊंची कीर्ती ऐकलेली. पंगत उठल्यावर त्या त्यांच्यापाशी आल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "काऊन जी व्याही, सगळ्याईले शिकवता, अन् घरच्या गोल तोंडाले गळ्याशी गोफ?"

मी धसकले. लग्नघरात आता शास्त्रार्थ सुरू होणार, असं वाटलं. लटारूभाऊ गोंधळून माझ्याकडे झुकले आणि हळूच विचारलं, "बाई, जनीचं तोंड गोल हाय?"

जा आणि बघून या, मी म्हटलं. ते खरंच उठले. मांडवाच्या पलीकडच्या टोकाला जनाबाई लाडू वाटत होत्या, तिथवर गेले, समोर उभे राहिले. जनाबाई काहीतरी बोलल्या, यांनी काहीतरी उत्तर दिलं, दोघंही हसली. त्यांनी यांच्या हातावर लाडू ठेवला. बराच वेळ यांचा परत यायचा विचार दिसेना. आले तेव्हा लाडू अर्धा संपला होता.

"मग?" मी विचारलं. "गोल आहे का?"

लटारूभाऊ थबकले. वळून एकदा तिकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "पाह्याचं राहूनच गेलं, बाई."