मनुबाईच्या मापाची सीट

ज्या सकाळी मनुबाई गेली, त्या सकाळी आकारामला दोन फोन आले. पहिला सांगलीच्या दवाखान्यातून, मेहुण्याचा. धैर्यशील म्हणाला, "दाजी, ताई गेली." दुसरा गावातल्या सायकलवाल्या याकूबचा. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "आकाराम, वहिनींची सायकल आली रं! त्यांच्या मापानं सीट लावून ठिवलीया!"

बायको गेली आणि बायकोनं सायकल घेतली, हे दोन्ही दहा मिनिटांत कळलं. आकारामनं याकूबला शिव्या दिल्या.

मनुबाई वर्षभर म्हणत होती, "यंदा भाऊबीजेला आष्ट्याला माहेरी मी सायकलवर जाणार." त्यावर आकारामचं ठरलेलं उत्तर असायचं, "पडलीस तर उचलाय क्रेन लागंल!" हा विनोद त्यानं पाहुण्यांपुढंही केला होता. पाहुणे हसले होते. ती हसली नव्हती.

म्हणून भाऊबीजेला तोच निघाला.

"फौजेत बावीस वर्सं ट्रक चालवला मी. लेहच्या घाटात! ही काय, शेळीएवढी हाय!"

"शेळीला ब्रेक नसत्यात, हिला दोन हायती," याकूब म्हणाला. "दोनी संगं दाब, हळू. नुसता पुढचा आवळलास तर हँडलावरनं जाशील. डाव्या कडंनं चाल. उसाच्या ट्रॉलीजवळ जाऊ नगंस. आन् पयली ही सीट वर घे गड्या, गुडघं जात्याल. दोन मिन्टांचं काम हाय."

"सीटला हात लावायचा न्हाई."

"आरं पण..."

"न्हाई म्हनलं न्हवं!"

हेल्मेट मनुबाईनंच पसंत केलेलं होतं. गुलाबी! ते घालून, मागं लाल दिवा लुकलुकवत आकाराम निघाला. सहा फुटी माणूस त्या सीटवर नाकतोड्यासारखा दिसत होता. दर पायडलला गुडघा हनुवटीला भेटून जात होता.

गिरणीपुढच्या बायकांनी पाहिलं. "आगं बया! दुखवट्याचं साल, घरात दिवाळी न्हाई, आन् ह्यो गुलाबी टोपी घालून कुटं निगाला? पोरगी बगाय चालला जनू!"

सायकलपेक्षा मोबाईल जोरात पळतो. पहिल्या किलोमीटरला आकाराम पोरगी बघायला चालला होता. तिसऱ्याला त्याला वेड लागलं होतं. पाचव्याला, कालव्याच्या पुलाजवळ, तो जीव द्यायला निघाला होता. रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला सोडून.

पुलावर गुडघ्यांनी दगा दिला. त्यातच समोरून उसाची ट्रॉली आली. बावीस वर्षांच्या फौजी ड्रायव्हरला त्या क्षणी एकच ब्रेक आठवला. पुढचा!

तो हँडलावरून उडाला आणि कठड्याशी गवतात पडला. लगेच दोन गडी धावले. एक छातीवर बसला, एकानं पाय धरले.

"आबा, मरू नगा! मनुकाकी परत येनार हाय का?"

"मरत न्हाई रं! ब्रेक चुकला!"

"समदी आसंच म्हनत्यात!"

"आरं पाय सोड, मुडद्या! गुडघा हाय त्यो!"

ट्रॅक्टरवाल्यानं मान ठेवून गाणी बंद केली. कुणीतरी हात जोडले. तेवढ्यात धैर्यशील टेम्पो घेऊन पोचला, त्यालाही फोन गेला होता. खाली उतरताना तो रडत होता.

"दाजी, आसं करायचं व्हय?"

"मी आष्ट्याला चाललोय. तुज्याकडं. भाऊबीज हाय."

"सायकलवर?"

"तिनं सांगितलं न्हवतं तुला?"

धैर्यशीलनं सायकल उचलून टेम्पोत घातली. तिनं त्यालाही सांगितलं होतं. तोही हसला होता.

मग आकाराम टेम्पोत पुढं, सायकल मागं, अशी वरात आष्ट्याला गेली. धैर्यशीलच्या बायकोनं गुडघ्यावर हळदीचा लेप घातला. धैर्यशीलनं सायकल पुसली, बघितली आणि पाना काढला.

"दाजी, सीट केवढी खाली ठेवलीया! मग पडनारच की मानूस. आना, वर घेतो."

"ऱ्हाऊ दे."

"आवं, दोन मिन्टांचं काम."

"ती तिच्या मापाची हाय."

धैर्यशीलनं पाना खिशात घातला.

गुडघ्याची सूज आठवड्यानं उतरली. हेल्मेटला एक चीर गेली आहे, तेवढंच. तो सायकलवर दुकानापुढून निघाला की याकूब रोज हाक मारतो, "घिऊ का रं वर?" आकाराम मान हलवतो आणि पुढं जातो.

आष्ट्याला सायकलवर पोचायचं राहिलं आहे. सीट वर घ्यायची राहिली आहे.