मेलेला ठिपका

मुरलीबप्पा कुठलीही वस्तू आधी मागून बघतात. सारं आयुष्य जनावरं राखण्यात आणि बाजारात नेण्यात गेलेलं. त्यामुळे फ्रिज असो की पंखा, आधी मागं जाऊन पाठीवर थाप मारायची, मग वाकून पाय बघायचे. लेकीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी अंगणात दोन चकरा मारायला लावल्या होत्या. आमच्या नांदूरघाटात त्यांच्याइतका खोड काढणारा माणूस नाही आणि माझं घर नेमकं त्यांच्या भिंतीला लागून आहे.

एक गोष्ट मात्र मला कधीच कळली नव्हती. माणूस इतका पारखी, पण दावणीला एक जनावर धड नाही. एक शेळी लंगडी, एक एका डोळ्यानं आंधळी, गाय शिंगमोडी. विचारलं की म्हणायचे, "फसविलं बगा मास्तर मला."

त्यांची लेक पुण्याला असते. मोबाइलवर तिचं तोंड नखाएवढं दिसतं म्हणून बप्पांनी जावयाच्या जुन्या संगणकाला जोडायला केजहून नवा मोठा मॉनिटर आणला. दुकानात तो मागून चांगला ठोकून, वाजवून घेतला. पुढून बघायचं तेवढं राहिलं.

रविवारी लेक पडद्यावर आली आणि तिच्या नाकावर काळा ठिपका. बप्पांनी फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं पुसलं. ठिपका हलेना, तेव्हा मला हाक आली.

"डेड पिक्सेल आहे," मी म्हणालो. "ठिपका मेलाय."

"कावून मेला? काल तर खोक्यातून काढला."

"बनवतानाच गेलेला असतो."

"मंग पोटातच गेला म्हना."

मी विज्ञानाचा मास्तर. पडद्यात असे लाखो ठिपके असतात, प्रत्येक आपापला उजळतो, हा एक उजळत नाही, असं सगळं समजावलं. बप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्यायला म्हाईत हाय का?"

मी दुकानदाराचा नंबर शोधायला लागलो.

दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणे कंपनीच्या नियमात एवढा दोष धरत नाहीत. बप्पा भडकले. "शेळी इकताना आमी असं बोललो तर लोक जोड्यानं मारतील." मग सकाळ-संध्याकाळ फोन सुरू झाले. माल बदलून द्यायची मुदत आठवड्याची होती आणि लेकीचं तोंड स्वच्छ दिसल्याशिवाय बप्पांना चैन नव्हती. शेवटी वैतागून दुकानदार स्वतःच दुसरा मॉनिटर घेऊन दारात आला.

बप्पांनी तो मागून बघितला आणि या खेपेला पुढूनही बघितला. कुठं खोड नव्हती. दुकानदार जुना मॉनिटर खोक्यात घालू लागला.

"ह्याचं काय करनार तू?"

"काय करायचं बप्पा, भंगारात. खोडीचा माल कोन घेतंय?"

बप्पा दावणीकडं बघून आले. मग म्हणाले, "ठिव खाली."

"आवो, आठवडाभर तुमी माझं डोकं खाल्लं की."

"ठिव म्हनलं ना. तुझा नवा घिऊन जा."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला आणि मी त्याच्याकडं. तो नवा मॉनिटर घेऊन गेला. मी काही विचारलं नव्हतं, तरी बप्पा नजर चुकवत म्हणाले, "फसविलं बगा मास्तर मला."

लंगडी शेळी माझा पायजमा चघळत होती. बाजारात न खपलेलं जनावर दिवस मावळताना कुणाच्या टेम्पोत चढतं, हे बप्पांइतकं कोण जाणणार? त्यांना आजवर कुणीच फसवलं नव्हतं. शेळीच्या तोंडातून पायजमा सोडवायचंही मला सुचलं नाही.

आता रविवारी भिंतीपलीकडून बप्पांचा आवाज येतो. "बाई, जरा डावीकडं सरक."

"कावून ओ बप्पा?"

"काई न्हाई. तितं एकजन बसलंय."