मेश्रामभाऊंचा बिनबुडाचा डबा

मेश्रामभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी अंगणात बसून जमिनीला पाणी पाजत. पिशवीतून दोन्ही बाजू कापलेला डालड्याचा डबा काढायचा, दोन बोटं मातीत ठोकायचा, तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते जिरेपर्यंत मोठ्यानं आकडे मोजायचे. कोणी चहा विचारला तर म्हणत, "आधी तिले पाजू द्या, मंग मले."

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या रेंज ऑफिसात मी बाबू आणि ते वनरक्षक. माझं सारवून गुळगुळीत केलेलं अंगण त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केलं. अडीचशेपर्यंत मोजून डबा उपटला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, तुमच्या अंगणाची तहानच मेली हाये." ती आठवडाभर माझ्यावर फणफणत होती, जसं काही मीच तो डबा कापून दिला होता. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा मुलगी पोहे घेऊन आली आणि हे परसात आकडे मोजत होते. परत येऊन सांगितलं, "पोरगी चांगलीच असन. चाळीस आकड्यात पानी जिरते." लग्न झालं.

त्यांच्या क्वार्टरमागच्या उतारावर ऐन-मोहाचं रान होतं आणि रानाच्या पायथ्याशी झरा. त्या रानात ते कोणाला काडी ओढू देत नसत. बाकी सगळीकडे लोक मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळत. इथे बायका निमूटपणे हातानं सारत. भाऊंशी हुज्जत घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि नेमकं तिथेच साग लावायचं ठरलं. आधी पाला जाळून जागा साफ करा, असा हुकूम आला. साहेब जीपनं आले. भाऊंनी त्यांना रानात उकिडवं बसवलं. पाल्याखालच्या मातीनं बाविसाव्या आकड्याला पाणी गडप केलं. मग वणवा अडवायला दरवर्षी जाळतात त्या जाळरेषेवर नेलं. दोनशे झाले, तीनशे झाले, साहेबांचे गुडघे कुरकुरले, पाणी तसंच उभं.

"तू मला शास्त्र शिकवणार?" साहेब उठले.

"शास्त्र नाई साहेब, तांब्याभर पानी हाये. जाळल्या जमिनीवरचा पाऊस पायाले पाय लावून नाल्यात पळते. मंग झऱ्याले काय देऊ?"

"उद्या जाळायचं."

"नाई जाळत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मजुरांच्या काडीपेट्या जमा करून स्वतःच्या पेटीत कुलूपबंद केल्या. विडी ओढायची तर भाऊंकडे जायचं. ते पेटवून देत आणि थोटूक विझेपर्यंत समोर उभे राहत. खुलासा मागणारा कागद मीच टाइप केला. उत्तरात एकच ओळ आली : "आदेश वाचला. जमिनीला मान्य नाही." साहेबांनी काम पुढच्या वर्षावर ढकललं आणि भाऊंची बदली लाकूड डेपोवर केली.

वैशाखात बदलीचा हुकूम घेऊन मी सायकलनं गेलो. ते सही करेनात. "आठ दिवस थांबा," एवढंच. मी चिडलो. नोकरी जाईल, म्हटलं. तेव्हा पहिल्यांदाच हा माणूस आवाज उतरवून बोलला.

"बाबूजी, नऊ वर्साखाली असाच हुकूम आला होता. तवा हे रान म्याच जाळलं. दुसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला. बायको कोसभरावरून डोक्यावर पान्याचा गुंड आनत होती. कंबर गेली तिची. माहेरी गेली, म्हनली, दारात पानी आलं का सांगा." झऱ्याकडे बोट केलं. "औंदा पह्यल्यांदाच वैशाखात झरा चालू हाये. चिठ्ठी टाकली तिले."

मला माझ्या टाइपरायटरची लाज वाटली. हुकूम खिशात घातला आणि 'वनरक्षक जंगलात असल्याने भेटले नाहीत' असा शेरा रोज मारत राहिलो.

सातव्या दिवशी मी तिथे असतानाच वहिनी चिमूरच्या माहेरून आल्या. कंबरेवर हात ठेवून झऱ्यापाशी वाकल्या, ओंजळभर पाणी प्यायल्या.

"बदली झाली म्हनता. तिथी पानी हाये?"

"नळ हाये."

"मंग हे दाखवाले काऊन बोलावलं?"

साहेबाला पुरून उरलेला माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. मग म्हणाले, "म्या जाळलं होतं म्हनून."

वहिनींनी गुंड काठोकाठ भरला आणि भाऊंपुढे ठेवला. "घ्या, आता तुमी उचला."

भाऊंनी तो डोक्यावर घेतला. सवय कुठली? दोन पावलांतच सदरा भिजला. मागून त्या म्हणाल्या, "हळू चाला. सांडून राह्यलं."