बाराव्या तोंडाची मोहीम

ऐकणारांनी कान द्यावे, वाचणारांनी चष्मा पुसावा आणि उभे असणारांनी बूड टेकावे, कारण पुढील मजकूर उभ्याउभ्या उरकण्याजोगा नव्हे. मोठमोठ्या लढाया जाहाल्या, त्यांच्या हकीकती ज्याने त्याने लिहून ठेविल्या. परंतु लिफ्टच्या दारासमोरील भिंतीवर एक तोंड राहावे की न राहावे, याकारणे जे तुंबळ युद्ध जाहाले, त्याची वास्तपुस्त कोणी केली नाही. पुढेमागे कोणी भलतेच सांगेल, सेक्रेटरी तर सांगेलच सांगेल, म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, घातलेच तर चिमूटभर, येथे कलमबंद केले असे.

त्या इमारतीचे तळमजल्यास, विजेच्या मीटरांचे खोलीस लागोन, एक चितारी भाडेकरू होऊन राहात असे. कलाशाळेची परीक्षा पहिल्या वर्गात उतरलेला, रंगाची नजर ऐसी की नवा रंग कोणत्या दुकानचा हे वासावरून सांगावे. परंतु इमारतीत त्याचा दर्जा काय? तर ‘पेंटर’. ‘येथे गाडी लावू नये’ ही अक्षरे त्याची, ‘कचरा खिडकीतून टाकू नये’ ही त्याची, लिफ्टमधील ‘फक्त चार माणसे’ हीही त्याचीच, आणि तमाम रहिवासी ती अक्षरे वाचीत, मग गाडी तेथेच लावीत, कचरा तेथूनच टाकीत आणि लिफ्टमध्ये सहाजण शिरत. वाटेत भेटला की म्हणत, “अहो पेंटर, वेळ असला तर गेटला एक हात मारून द्या ना.” तो हसोन बरे म्हणे आणि खोलीत येऊन ब्रश आपटी. एकदा तरी कोणी चित्रकार म्हणोन हाक मारावी, आणि हे काम कोणाचे हे न विचारता कळावे, एवढीच त्याची हाव. एवढी म्हणावी तर तीच केवढी!

त्याचे कुटुंब शिवणकाम करीत असे. सारी इमारत तिजला मशीनवाल्या वहिनी म्हणे. बाई मोठी करारी, बोलण्यास कात्री, हातास मऊ. तिचे उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरात बाहेरचे अंगास वाकलेली होती. त्याची हकीकत ऐसी जे, लग्नास थोडके दिवस जाहाले असता एका दुकानाचा बोर्ड चढविण्याचा प्रसंग आला, वहिनींनी खालचे टोक धरिले, आणि चितारी शिडीवर चढोन, बोर्ड पुरता ठोकण्याअगोदरच, कोपऱ्यात आपले नाव रंगवू लागला. तो तिकडे दंग, इकडे खिळा सुटला, बोर्ड घसरला आणि करंगळी त्याखाली आली. बोट वाकडे बसले. नाव मात्र सुबक आले. तेव्हापासोन वहिनी कोणी फोटो काढू लागले की उजवा हात डाव्या हाताखाली लपवीत, आणि याविषयी उभयतांत कधी बोलणे होत नसे.

ऐसे असता इमारतीचे चेअरमनसाहेब, अखिल मजल्यांचे धनी, यांचे मनात आले जे लिफ्टसमोरील भिंतीस ओल येते, तेथे शेजारच्या इमारतीने धबधबा काढविला तैसा आपण न काढविता, आपले कार्यकारी मंडळच बगिच्यात उभे असे रंगवावे, म्हणजे ओलही झाकेल आणि कर्तबगारीही दिसेल. मंडळ अकराजणांचे. काम चितारीवर नामजाद जाहाले. परंतु मातबर लोकांस समोर उभे राहावयास फुरसत कोठली? प्रत्येकाने पासपोर्टचा एकेक फोटो दिला आणि मानेखालचे तुमचे तुम्ही बघा, ऐसा हुकूम केला. मग चितारीने मसलत काय केली, की वहिनींस आपला जुना कोट घातला आणि खिडकीपाशी उभे केले. चेअरमनसाहेब छातीवर हात ठेवून उभे, ते वहिनी. सेक्रेटरी किल्ल्यांचा जुडगा धरोन, तेही वहिनी. खजिनदार कोपर टेकोन ऐटीत, तेही वहिनीच. दर खेपेस उजवा हात समोर, डाव्यात कोटाची सैल पाठ आवळोन धरिलेली. मधेच म्हणत, “अहो, लवकर उरका, हुक लावायचे राहिलेत माझे.” आणि चितारी काढीत सुटला.

चित्र पुरे जाहाले आणि चितारीने उजवे कोपऱ्यात आपले नाव घातले. दुसरे दिवशी सेक्रेटरी आला. हा मनुष्य मोठा कावेबाज. नाव पुसा म्हणता तर बोभाटा होता. म्हणोन त्याने आग विझविण्याचे लाल नळकांडे मागविले आणि नेमके त्या नावावर भिंतीत ठोकविले. विचारिता म्हणाला, “सुरक्षेचा प्रश्न आहे, पेंटर.” चितारीचे तळपायाची आग मस्तकास गेली, आणि ती विझविण्यास ते नळकांडे काही कामास आले नाही. त्याने मनात म्हटले, नाव झाकता येते, तोंड कैसे झाकाल? मग शिडी लाविली आणि खजिनदाराचे कोपराखालील खांब पुसोन त्याजागी, कुंड्यांचे शेजारी, बारावा इसम उभा केला: हाती ब्रश, मान किंचित वळविलेली, नजर थेट पाहणाराचे डोळ्यांत. लिफ्टची वाट पाहात कोणीही उभा राहो, अकराजण त्याचे डोक्यावरून पलीकडे पाहात, आणि तो एकटा त्याजकडे पाहून जणू विचारी, मला ओळखलंत का?

ओळखले. त्याच सायंकाळी सेक्रेटरीने नोटीस फिरवून भिंतीसमोर सभा भरविली. खुर्च्या लागल्या, पंखा आणविला. सेक्रेटरीने आरोप ठेविला जे मंडळ अकराचे असता बारावा कोठून आला. वर तो मालक नव्हे, सभासद नव्हे, भाडेकरू. आज भिंतीवर चढला, उद्या खुर्चीवर चढेल. सबब उद्या चित्राचे उद्घाटन आहे, त्याअगोदर हे तोंड नाहीसे करावे. चितारी उठोन म्हणाला, “तुमचे सगळ्यांचे चेहरे मी काढलेत. माझा एक असला तर भिंतीला जड होतो का?” सेक्रेटरी म्हणाला, “प्लंबरने नळ बसवला म्हणून तो काय नळावर तोंड काढतो?” हशा पिकला. त्या हशाने चितारी घायाळ होऊन मटकन खाली बसला. इतक्यात अनपेक्षित कुमक आली. खजिनदार उठले आणि म्हणाले, “याला पुसलंत तर माझं कोपर कशावर राहणार? मी अधांतरी राहणार नाही, आत्ताच सांगतो.” सभेत दोन तट पडले, आणि खजिनदाराचे कोपर पाहावयास सारे प्रथमच भिंतीजवळ गेले.

तेथेच अनर्थ उद्भवला. चेअरमनबाई, नजरेच्या तिखट, चष्मा नाकावर सरकवून म्हणाल्या, “अहो, तुमची करंगळी अशी वाकडी कधीपासून?” चेअरमनसाहेबांनी आपली खरी करंगळी पाहिली, सरळ होती, भिंतीवरील पाहिली, वाकडी. मग सेक्रेटरीची पाहिली, खजिनदाराची पाहिली. अकराही मातबरांचे हातांस एकच वाकडे बोट. उजवा तोच आणि डावाही तोच, उलटा करून काढिलेला. एकच गिल्ला जाहाला. सर्वांत चकित कोण जाहाला, तर खुद्द चितारी. त्याने बुद्ध्या काही केले नव्हते. जो हात रोज पाहिला, ज्या हाताने वाढलेले खाल्ले, तोच त्यास हात म्हणोन ठाऊक. मनुष्याची करंगळी सरळ असते हे तो साफ विसरला होता.

चेअरमनसाहेब दरबारी गृहस्थ. परक्याचे तोंड भिंतीवर राहिले तर फारसे काही जात नाही, परंतु आपले बोट वाकडे दिसले तर अब्रू जाते, हे त्यांनी तत्काळ ताडिले आणि फर्मान काढिले ते ऐसे: उद्या दुपारी आमचे मेहुणे, कलाशाळेचे निवृत्त प्राचार्य, उद्घाटनास येत आहेत; त्याअगोदर पेंटरने तमाम करंगळ्या सरळ कराव्या; त्याबद्दल त्याचे तोंड भिंतीवर कायम राखावे, आणि लाल नळकांडे तेथून काढोन जिन्याखाली लावावे. सेक्रेटरी काळाठिक्कर पडला. चितारीस नाव मिळाले, तोंड मिळाले, जे मागितले ते सर्व मिळाले. तो दोन्ही हात वर करून घराकडे धावत सुटला.

वहिनी सभेत मागील रांगेत होत्या, त्या अगोदरच घरी आल्या होत्या. मशीनपाशी बसल्या होत्या, मशीन बंद. चितारी म्हणाला, “अगं, जिंकलो! चेहरा राहणार, नाव राहणार!” त्या म्हणाल्या, “ऐकलं मी. करून टाका सरळ. सगळी इमारत वाकून वाकून बघत होती.” आणि उजवा हात डाव्याखाली गेला. चितारीने तो जाताना पाहिला. विजयाचे भरात त्याचे मनास काही बोचले, परंतु काय ते न समजोन तो रंग कालवावयास बसला.

सकाळी उभयता भिंतीपाशी रुजू जाहाली. चितारी शिडीवर, शिडी धरोन वहिनी. प्रथम मोर्चा चेअरमनसाहेबांचे करंगळीवर लाविला. बोट सरळ केले, खाली उतरोन चार पावले मागे सरोन पाहिले. हात लाकडी दिसला, कोणाचाच दिसेना. ओल्या फडक्याने पुसले, पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसरे खेपेस ब्रश उचलिला आणि सहज खाली पाहिले. शिडीचे दांड्यास वहिनींचा उजवा हात घट्ट धरोन होता, लपविणे शक्य नव्हते, करंगळी लाकडापासोन अलग राहिलेली. त्या दिवशीही हा हात ऐसाच खाली धरोन होता आणि आपण वर नाव लिहीत होतो, हे चितारीचे ध्यानात इतक्या वर्षांनी आले, आणि त्याचे डोळे भरोन आले. त्यास फार वाईट वाटले, आणि ते लिहिण्यास अधिक शब्द या लेखणीपाशी नाहीत.

मग त्याने काय केले, तर चेअरमनसाहेबांचे बोट होते तैसे वाकडे केले, आणि शिडी उचलोन बाराव्या इसमापाशी नेली. करडा रंग घेतला आणि प्रथम आपले डोळे झाकिले, मग नाक, मग हसू. खजिनदार अधांतरी राहू नयेत म्हणोन आपले अंगाचा दगडी कठडा केला, कोपर त्यावर नीट बसले. कोपऱ्यातील नावही, नळकांडे सरकल्याने नुकतेच मोकळे जाहालेले, गवतात बुडविले. वहिनी खालोन ओरडल्या, “अहो, काय करताय! एवढं भांडून मिळवलंत ते! डोकं ठिकाणावर आहे का?”

चितारी म्हणाला, “दोन्हींतलं एकच राहणार होतं. तुझं बोट सरळ करायला माझा हात चालेना.”

वहिनी नाक ओढोन म्हणाल्या, “उतरा आता. कठड्याची सावली उलटी पडलीय, ती तेवढी नीट करा.”

दुपारी चेअरमनसाहेब आले, करंगळ्या पाहिल्या आणि लालबुंद जाहाले. “पेंटर, हे काय? करार मोडलात!” चितारी म्हणाला, “माझं तोंड पुसलं. आता आपली फिटंफाट.” सेक्रेटरी पुढे सरसावला, सर्व चित्रावर चुना फिरवावा ऐसी तजवीज सांगू लागला, आणि चेअरमनसाहेब हो म्हणणार, इतक्यात दारात गाडी थांबली आणि प्राचार्य आत आले. त्यांनी भिंत पाहिली. जवळ जाऊन एकेक हात निरखिला. प्राचार्य म्हणाले, “चेहरे फोटोवरून काढलेत, ते कळतंच. पण हात! हे सगळे एकाच माणसाचे हात आहेत, आणि ज्याने काढले त्याचा त्या माणसावर फार जीव आहे. कोण उभं होतं?”

चितारीने तोंड उघडले. परंतु चेअरमनसाहेब, दरबारी गृहस्थ, ते अगोदरच म्हणाले, “मीच. वेळ काढला थोडा.” आणि उजव्या हाताची करंगळी, सर्वांदेखत, हळूच वाकडी केली. सेक्रेटरीनेही केली. खजिनदाराचीही होऊ लागली, परंतु त्यांस संधिवात असल्याने जमले नाही.

प्राचार्यांनी त्या बोटांकडे पाहिले, मग मागे शिडीपाशी उभ्या वहिनींकडे पाहिले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही पुढे या बघू. फोटोत मधे उभ्या राहा.” वहिनी म्हणाल्या, “मी कशाला?” आणि सवयीने हात लपवू लागल्या; मग भिंतीकडे पाहिले, बगिच्यात जिकडेतिकडे आपलाच हात. तो त्यांनी काढिला, समोर आणिला आणि उघडा ठेविला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहाली. भिंतीवर चितारीचे तोंड नाही, नाव नाही. अकरा मातबर आहेत, त्यांचे हात एका बाईचे आहेत, आणि एक कठडा आहे, त्यास ओल येत नाही. त्या प्रसंगीचा फोटो सेक्रेटरीचे टेबलामागे लाविला आहे, पाहणाराने खात्री करून घ्यावी. त्यातही चितारी सापडावयाचा नाही. कारण सर्वांनी आपापली जागा घेतल्यावर चेअरमनसाहेबांनी मोबाईल त्याचे हाती दिला आणि म्हणाले, “पेंटर, एक फोटो काढा बरं सगळ्यांचा.” त्याने तो खुशाल काढिला. चेअरमनसाहेबांचे मस्तक वरोन अर्धे कापिले गेले, परंतु वहिनींचा तो हात पुरता घेतला.