वैरागचे पेरू

शिवप्पाअण्णा नव्या माणसाला आधी नाव विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "तुमच्या गावाला रूळ हाय का?"

सत्तरीच्या दशकात सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. माणसाच्या चालण्यावरून त्याचं गाव ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. "हा निवांत चालतोय, म्हंजी कुर्डुवाडीचा. त्यो बघा, यष्टी चुकंल म्हणून पळतोय. करमाळ्याचा असणार की." अंदाज बहुतेक वेळा चुकायचा. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

माझ्या बहिणीला नातेपुत्याचं स्थळ आलं, तेव्हा कुणी न बोलावता ते घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण स्टेशन लई लांब. पोरीनं माहेरी यायचं कसं?" लग्न तिथंच झालं. अण्णा पहिल्या पंगतीला पोटभर जेवले.

त्यांचं स्वतःचं गाव वैराग. एका अंगाला बार्शी, दुसऱ्या अंगाला मोहोळ. दोन्हीकडे गाडी, मधल्या वैरागला काही नाही. चादरींच्या गठ्ठ्यांवर पत्ते लिहिताना ते मला दाखवायचे, "बघा, सोलापूरची चादर कलकत्त्याला जाती. वैरागचा पेरू सोलापुरात येईस्तोवर मऊ पडतो. देश एकच हाय न्हवं?"

एका सकाळी वैरागकडचे एक आजोबा पेरूच्या चार पाट्या घेऊन आले. यष्टीच्या टपावरून आलेला माल. मुंबईची गाडी सुटायला थोडाच वेळ होता आणि रांगेत पुढे एका व्यापाऱ्याच्या कापडाच्या पेट्या होत्या. अण्णांनी पाट्या आधी चढवल्या. पेट्या राहिल्या. व्यापाऱ्यानं तक्रार केली आणि साहेबांनी अण्णांना बोलावलं.

"रांग का मोडली?"

"शेटजींचं कापड उद्याबी जाईल, साहेब. ह्यांचा पेरू उद्या ऱ्हायचा न्हाय."

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

"व्हय. रस्ता तेवढा सारखा न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांची खिडकी गेली. मागच्या गोदामात, कुणी सोडवून न नेलेल्या सामानावर त्यांची नेमणूक झाली. दुपारी मी डबा घेऊन तिकडे गेलो. म्हटलं, "अण्णा, ओळख ना पाळख. त्या म्हाताऱ्यासाठी एवढं कशाला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"आमची पेरूची बाग होती," ते म्हणाले. "वडलांनी लेकरावानी वाढवल्याली. मुंबईला लई भाव, पण माल वाटंतच नासायचा. शेवटी तोडायची ठरली. कुऱ्हाडीला धार मीच लावून दिली."

"मग?"

"वडील दोन दिवस तोडत हुते. झाल्यावर मला म्हणाले, तू रेल्वेत जा. म्होरं लई वर्सं जगले. मी हितनं सुट्टीला जाताना दर खेपंला पेरू न्यायचो. हातात घ्यायचे, वास घ्यायचे आन् शेजारच्या पोरास्नी वाटून टाकायचे."