बोरसरीचा गहाण गुरुवार

वीज कंपनीच्या कर्जाला तारण म्हणून वीज नियामक आयोगाने बोरसरी गावचा गुरुवार मंजूर केला. तेव्हापासून आमच्याकडे बुधवारी झोपलेला माणूस शुक्रवारी उठतो.

कंपनीचे खांब आधीच एका बँकेकडे गहाण होते, ट्रान्सफॉर्मर दोन बँकांकडे. नवी बँक म्हणाली, न चुकता येणारं काहीतरी द्या. विजेबद्दल तसं म्हणायची कंपनीचीसुद्धा हिंमत झाली नाही, म्हणून तिने गुरुवार पुढे केला. चाळीस वर्षं दर गुरुवारी दुरुस्तीसाठी आमची वीज बंद असते, म्हणजे त्या दिवसावर कंपनीचाच कब्जा आहे, असा तिचा युक्तिवाद. हरकती ऐकायला आयोगाने सुनावणी ठेवली तीही गुरुवारी. वीज नाही म्हणून गिरण्या बंद, गिरण्या बंद म्हणून आठवडी बाजार, आणि अख्खं गाव बाजारात. हरकत घ्यायला कोणीच गेलं नाही. गावातला एकमेव वकील मी, आणि मी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. चूक मान्य आहे. मेथीही जून निघाली.

लोकांनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. गुरुवारचा उपास वाचला, असं काही जण म्हणाले. सदू पाथरवट बुधवारी लातूरला मेव्हण्याकडे जाऊन झोपला, तर तिथेही शुक्रवारीच उठला. तारण गावच्या हद्दीप्रमाणे नव्हतं, रेशनकार्डाप्रमाणे होतं.

मग केवळबाई लोहार आली. ती बाजारात विळ्या विकायची.

"बाजार बुडाला ते मरू द्या, वकीलसाहेब," ती म्हणाली. "लेकीला सातवा लागलाय. अकरा आठवडे तिचं तोंड बघितलं न्हाई."

लेक वैजंता पिंपळदरीला दिलेली. सासरची पिठाची गिरणी, आमच्याच वीजलाइनवर. ती बंद असेल तेव्हाच तिला मोकळीक, म्हणजे गुरुवारीच. बिचारी दर गुरुवारी यायची, झोपलेल्या आईजवळ बसून परत जायची. शुक्रवारी केवळबाई उठायची तेव्हा तिच्या केसांना तेल लावलेलं असायचं.

"फोन आहे की," मी म्हणालो.

"फोनातनं पोटाला हात लावता येतोय व्हय?"

मी केवळबाईच्या नावाने फेरविचाराचा अर्ज टाकला. आयोग फेरविचार गुरुवारीच ऐकतो. आदेश आला : "अर्जदार झोपेत असल्याने गैरहजर. आम्ही पुन्हा विचार केला. तोच विचार पुन्हा आला. अर्ज फेटाळला."

आम्ही वरच्या कोर्टात गेलो. तिथे मंगळवार होता. कंपनीचा वकील म्हणाला, नुकसान काहीच नाही, उलट लोकांची झोप पुरी होते.

"अर्जदाराचं म्हणणं ऐकलं का?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"नोटीस द्यायला गेलेल्याने घोरणं ऐकलं, साहेब."

कोर्टाने तारण तूर्त कायम ठेवलं, पण आयोगाला फेरसुनावणी घ्यायला लावली. अर्जदाराला ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, आणि तिला हजर राहता यावं म्हणून सुनावणीचा गुरुवार तिच्यापुरता मोकळा सोडायचा. बुधवारी मी केवळबाईच्या हातात फाइल आणि एसटीचं भाडं दिलं आणि झोपलो.

शुक्रवारी उठल्या उठल्या तिच्याकडे गेलो. "काय झालं सुनावणीत?"

"गेलेच न्हाई," ती म्हणाली आणि मला तळहात दाखवला. "हितं लाथ मारली बघा नातवंडानं."

मी भडकलो. अख्ख्या गावाचा गुरुवार तिच्या भरवशावर होता, आणि बाई घरी बसली! तिने मला बोलून घेऊ दिलं.

"गेले असते तर जिंकलो असतो व्हय?"

मी एकतीस वर्षं वकिली करतोय. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण त्या हाताकडे बघून जमलं नाही. "नाही," म्हणालो.

"मंग?"

दुपारी आयोगाचा आदेश आला : "अर्जदार गैरहजर. ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. पुढची तारीख पुढच्या गुरुवारी." मी तो तीनदा वाचला. मग कोरा कागद घेतला, अर्जदार क्रमांक दोन असं लिहिलं आणि पुढे माझं नाव घातलं.

आता आम्ही दोन हजार एकशे सोळा अर्जदार आहोत. दर गुरुवारी आयोग आमची वाट बघतो आणि आमच्याकडे बाजार भरतो. वीज नसते.

वैजंता बाळंतपणाला माहेरी आली. मंगळवारी मुलगी झाली. बुधवारी दिवेलागणीला केवळबाई नातीला दुपट्यात गुंडाळून माझ्या दारात उभी.

"हिचं नाव घाला अर्जात. जन्माची नोंद हितली हाय. उद्या झोपूनच राहिली तर दूध कसं पाजायचं?"

"नाव काय?"

"ते बारशाला ठरंल. तुमी आकडा तर घाला."

मी लिहिलं : अर्जदार क्रमांक दोन हजार एकशे सतरा. सहीसाठी अंगठा फारच बारीक होता, म्हणून पावलाचा ठसा घेतला.